नाव काढलेला आवाज

आधी नुसतं खाकरणं ऐकू आलं. दोनदा, मध्ये जरा थांबून. आणि त्याच्यामागे नाकातून निसटलेलं बारीकसं हसू. पुढचा क्रमांक लिहायला टेकवलेलं तिचं पेन कागदावर तसंच राहिलं आणि शाईचा ठिपका पसरत गेला. ‘तसं माझं विशेष काही नाही, बरं का,’ कानातला माणूस म्हणाला. समुपदेशक बाईंनी मऊ आवाजात विचारलं, घरी कुणाला सांगितलंय का हे? ‘छे. ताईला कळलं तर ती लगेच सगळं नीट करायला घेईल.’ तिने बटण दाबलं. हेडफोन काढून टेबलावर ठेवले, आणि ते पुन्हा आपण होऊन बोलू लागतील की काय अशा धास्तीने जरा लांब सरकवले.

ऑफिसातली ही खोली मुद्दाम अशाच कामांसाठी केलेली होती. खिडकी नाही, बाहेरच्या जगाशी जोडलेली एकही तार नाही, आत येताना स्वतःचा फोन दाराशी कप्प्यात ठेवायचा. एक टेबल, एक संगणक, भिंतीवर एक घड्याळ. लोकांची चोरीला गेलेली गुपितं तपासायला जागाही तशीच बंदिस्त हवी, हा तिचाच आग्रह. आणि आता त्याच खोलीत ती आपल्या धाकट्या भावाचा आवाज ऐकून बसली होती, आणि हवा कुठून येतेय हे तिला पहिल्यांदाच कळेनासं झालं होतं.

खटला तसा सरळ होता. मन मोकळं करायला कुणी हवंय अशा माणसांची फोनवरून समुपदेशकाशी गाठ घालून देणारी एक कंपनी, आणि ती कंपनीची वकील. कंपनी ही बोलणी साठवून ठेवायची, कामाचा दर्जा तपासायला म्हणून. कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे ते कोठार काही काळ उघडं राहिलं आणि कुणा अनोळखी माणसाने सगळं उचलून नेलं. ग्राहकांच्या एका संघटनेने दावा लावला: ज्यांची बोलणी गेली त्या प्रत्येकाला कळवा. कंपनीचं म्हणणं, कळवायची गरजच नाही. यंत्राने आधीच प्रत्येक नाव, नंबर, पत्ता पुसलेला आहे, तिथे नुसता ‘टुंई’ असा आवाज येतो. माणूस ओळखूच येत नाही तर त्याचं खासगीपण गेलं कसं? हे म्हणणं कायद्याच्या भाषेत तिनेच बसवलं होतं. फार सुबक बसलं होतं ते. नमुन्यादाखल काही बोलणी ऐकून घ्यायची आणि पुढच्या आठवड्यात न्यायाधीशांपुढे उभं राहून ठणकावून सांगायचं, की यातलं कुणी कुणाला ओळखू शकत नाही. सकाळपासून तसंच चाललं होतं. टुंईने आपल्याला फसवलं, टुंईकडे मी लहानपणापासून राहिलो, मला टुंईची फार आठवण येते. अनोळखी माणसांची अनोळखी दुःखं. यंत्राने काम चोख केलं होतं. फक्त ‘ताई’ हे त्याला नाव वाटलं नव्हतं.

जगात ताया काय थोड्या आहेत, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. घरटी एक तरी असतेच, आणि त्यातल्या निम्म्या तरी सगळं नीट करायला घेणाऱ्या असणार. वकिलाला साजेसा युक्तिवाद होता. पण खाकरण्याचं काय करायचं? आई गेली तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता आणि ती सतरा. वडील वीजघरात रात्रपाळीला. थंडीत धाकट्याची छाती भरायची, आणि शेजारच्या खाटेवर पडून ती अंधारात त्याचं खोकणं, खाकरणं, घशातली खरखर सगळं वाचायला शिकली. कोरडं कोणतं, कफाचं कोणतं, शाळा बुडवायचं कोणतं. थाप मारायच्या आधी तो एकदा खाकरायचा, घाईने. हे दोनदा, मध्ये थांबून, हे निराळं होतं. हे तिने आयुष्यात मोजक्याच वेळा ऐकलं होतं: बाबांच्या औषधाची बाटली आपण फोडली हे सांगताना, आणि पुढे, पुष्कळ वर्षांनी, बायको आणि तो वेगळे होताहेत हे सांगताना. खरं बोलायच्या आधीचं खाकरणं. न्यायालयात हे कुणाला पटवून देता आलं नसतं, पण तिला साक्षीपुराव्याची गरज नव्हती.

दार उघडून ती बाहेर आली. कप्प्यातून फोन घेतला आणि जिन्याने खाली उतरली. लिफ्टसमोर मात्र क्षणभर थांबली होती. धाकटा लिफ्ट दुरुस्तीच्या कामात होता, शहरातल्या अर्ध्या उंच इमारतींच्या पोटात त्याचं जाणं-येणं. माझा धंदाच चढउताराचा, असं कुणालाही पहिल्या भेटीत सांगायचा, आणि लोक हसले की स्वतः त्यांच्याहून मोठ्याने हसायचा. घरात त्याचं नावच धाकटा पडलं होतं. आता केस पांढरे झाले, चाळिशी कधीच मागे पडली, तरी धाकटा. जेवणाच्या टेबलावर हा माणूस कधी गप्प बसलेला तिने पाहिला नव्हता. निदान पाहिल्याचं आठवत नव्हतं. रस्त्यावर ऊन होतं. समोरच्या दुकानात काच पुसणारा माणूस पुन्हा पुन्हा तीच जागा पुसत होता. तिने धाकट्याचा नंबर लावला. पलीकडे खणखणाट, हवेचा घुमारा, आणि मग तो: बोला, सरकार, कुणावर खटला भरायचाय? जेवलास का, एवढंच तिने विचारलं. तो म्हणाला, सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये लोंबकळतोय, जेवण पहिल्या मजल्यावर आहे. आणि हसला. तेच हसू, नाकातून. तिने फोन ठेवला आणि काच पुसणाऱ्याकडे बघत राहिली.

वडील म्हणायचे, पोरगी घराण्याचं नाव काढील. आणि तिने खरोखरच नावं काढायचा धंदा केला, फायलींमधून, फितींमधून, निकालपत्रांतून. ही कोटी धाकट्याची, तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला सगळ्यांदेखत केलेली. सुरुवातीला काम साधं असायचं, कुणी कुणाची कल्पना चोरली एवढंच. तिचा पहिला खटला छत्रीच्या मुठीचा. दोन कारखानदार, दोघांच्या मुठीला तोच बाक, दोघेही म्हणणार बाक माझा. न्यायाधीशांनी दोन्ही छत्र्या भर न्यायालयात उघडून बघितल्या आणि एक मिटेचना. उघड्या छत्रीखाली बसूनच त्यांनी उरलेली सुनावणी घेतली. तो किस्सा तिने घरी येऊन सांगितला तेव्हा कॉलेजातला धाकटा जमिनीवर लोळला होता. मग बाहुल्यांचे चेहरे आले, मग औषधांची सूत्रं, मग संगणकाच्या आज्ञावल्या, आणि हळूहळू चोरीची रीतच पालटली. वस्तू जागच्या जागी राहून चोरीला जायला लागली. घरधन्याला पत्ता नाही, कुलूप शाबूत, आणि घर लुटलेलं. मग माणसांचीच पाळी आली: त्यांचे फोटो, त्यांचे आजार, ती कुठे गेली, कुणाशी बोलली. ती कधी या बाजूने लढली, कधी त्या बाजूने. वकिलाला बाजू नसते, अशील असतं, हे तिने नवशिक्या वकिलांना कितीदा ऐकवलं होतं. ते खोटंही नव्हतं. पण एवढ्या वर्षांत टुंईच्या पलीकडे कोण बसलंय याचा विचार तिने काम म्हणून केला होता, हुशारीने, मेहनतीने. पोटातून असा कधी केला नव्हता.

आणि ते वाक्य. सगळं नीट करायला घेईल. त्यात राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. ते त्याने ज्या मायेने म्हटलं होतं, घरातल्या जुन्या मांजराच्या खोडीबद्दल बोलावं तसं, त्याने ती जास्त घायाळ झाली. तिने काय काय नीट केलं होतं ते तिच्यापुढे येऊ लागलं. बुटांच्या नाड्या. गणिताचा पेपर. पहिल्या नोकरीचा अर्ज, जो तिने त्याला न विचारता दुरुस्त केला. तो आणि बायको वेगळे झाले त्या हिवाळ्यात ती त्याच्या नव्या घरी गेली आणि दिवसभर खपून तिने त्याचं स्वयंपाकघर लावून दिलं, डब्यांवर चिठ्ठ्यासुद्धा डकवल्या. तो दाराला टेकून बघत होता. शेवटी म्हणाला, ताई, आता मला मीठ सापडणार नाही. ती हसली होती. केवढी हसली होती. सांत्वन करायला गेलेल्या माणसाला हसवून त्यानेच तिचं सांत्वन केलं आणि रात्री बसस्टॉपपर्यंत पोचवून परत त्या चिठ्ठ्यांच्या घरात एकटा गेला. तेव्हाच सुरू झालं असेल का ते? की आधी? की त्याचा त्या सगळ्याशी काही संबंधच नव्हता, आणि ही पुन्हा तिची घाई, कारण सापडलं की दुरुस्ती करता येते म्हणून? ध्वनिफीत पुढे चालू ठेवली असती तर कळलं असतं. वर जाऊन एक बटण दाबायचं. न्यायालयाने तिला ऐकायची परवानगी दिलेली होती, लेखी. ती फुटपाथवर उभी राहिली आणि हात पर्सच्या पट्ट्याभोवती घट्ट गुंडाळून ठेवले.

मोह एकच नव्हता. दुसरा जास्त गोड होता, आणि तो ओळखायला तिला घरी पोचेपर्यंत वेळ लागला. खटला जिंकायचा. युक्तिवाद पक्का होता, जिंकण्यासारखा होता. जिंकला तर कुणालाच काही कळवावं लागणार नाही. धाकट्याला कधीही कळणार नाही की तो त्या बाईंपाशी जे बोलला ते कुठल्या तरी परक्याच्या संगणकात पडून आहे. तो तसाच हसत लोंबकळत राहील, सातव्या आणि आठव्याच्या मध्ये. तिच्या नवऱ्याने विचारलं, आज जेवताना कुठे आहेस तू? तो शाळेत गणित शिकवायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायची त्याला सवय होती. ती म्हणाली, कामाचं आहे, सांगता येणार नाही. बरं, म्हणून त्याने तिच्या ताटात बटाटे वाढले. सांगता येणार नाही हे वाक्य त्या घरात इतक्या वर्षांत इतक्यांदा बोललं गेलं होतं की ते मीठ दे म्हणण्याइतकं साधं झालं होतं. भांडी विसळताना तिच्या लक्षात आलं: जिंकून त्याला वाचवायचं, म्हणजे तेच की. त्याला न विचारता अर्ज दुरुस्त करायचा. डब्यांवर चिठ्ठ्या. त्याच्या बाबतीत काय घडलंय ते त्याला कळू द्यायचं की नाही हे पुन्हा तीच ठरवणार, आणि ह्या खेपेला कायद्याचा शिक्का मारून.

दुसऱ्या दिवशी ती कंपनीच्या विधी अधिकाऱ्यांकडे गेली. शांत, शिष्ट गृहस्थ. चष्मा सारखा पुसायची सवय. दोघांनी मिळून याआधी दोन मोठे खटले लढवले होते. तिने सांगितलं की माणूस ओळखूच येत नाही हा बचाव सोडावा लागेल, लोकांना कळवावं लागेल. त्यांनी चष्मा काढला. तज्ज्ञांचा अहवाल आपल्या बाजूचा आहे, तुम्हीच तर मसुदा केलात, संचालक मंडळ काय म्हणेल, वगैरे ते बोलत राहिले आणि तिने ते बोलू दिलं. मग म्हणाली, “मी एकाला ओळखलं.”

त्यांचा चष्मा पुसणारा हात थांबला. कोण, म्हणून त्यांनी विचारलं. विचारायलाच हवं होतं.

“ते मी सांगणार नाही. आणि यापुढे या खटल्यात मला उभं राहता येणार नाही. पण मी एका वाक्यात ओळखलं, साहेब. समोरच्या वकिलाने भर न्यायालयात एक फीत लावली आणि मागच्या बाकावरून कुणाची बहीण, कुणाची बायको उठून उभी राहिली, तर आपण काय म्हणणार आहोत?”

ते खिडकीबाहेर बघत होते. आपल्यालाही कुणीतरी एका वाक्यात ओळखेल का, असा काहीसा हिशेब ते करत असावेत असं तिला वाटलं. निदान चेहरा तरी तसा दिसत होता. शेवटी म्हणाले, मंडळाला समजावणं माझ्याकडे लागलं. तुम्ही जाता जाता पत्राचा मजकूर तेवढा लिहून द्या. आमच्याकडे कुणाला लिहायला सांगितलं तर गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत असं लिहून ठेवतील.

इतक्या वर्षांत तिने हजारो पानं लिहिली असतील, पण या अर्ध्या पानाइतकं खोडलं नसेल. ‘अनधिकृत प्रवेशाची घटना’ खोडलं. ‘आपल्या माहितीच्या सुरक्षिततेस आम्ही सर्वोच्च प्राधान्य देतो’ खोडलं; हे वाक्य तिनेच कधीतरी दुसऱ्या एका कंपनीला लिहून दिलं होतं आणि तेव्हा तिला ते चांगलं वाटलं होतं. कुठे वाचेल तो हे? लिफ्टच्या टपावर बसून, बॅटरीच्या उजेडात, हाताला ग्रीस. की स्वयंपाकघरात उभा राहून. तिने लिहिलं, तुम्ही विश्वासाने जे बोललात ते परक्या माणसाच्या हाती गेलं आहे. तुमचं नाव त्यात नाही, पण तुमचा आवाज आहे. चूक आमची आहे, तुमची नाही. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल ती मदत आम्ही देऊ. एवढं झाल्यावर तिला आणखी एक वाक्य घालावंसं वाटलं, काळजी घ्या, वेळेवर जेवत जा, असलं काहीतरी. तिने पेनाला टोपण लावलं.

पत्रं गेली हे तिला वर्तमानपत्रातून कळलं. संघटनेचा दावा आता नुकसानभरपाईसाठी चालूच राहिला, कंपनीने दुसरा वकील नेमला, आणि बातमीत ‘आधीच्या वकील बाजूला झाल्या’ एवढा तिचा उल्लेख आला. पुढच्या रविवारी धाकटा नेहमीसारखा जेवायला आला. तिने त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि सारखी बघत राहिली. कॉलर उसवलेली होती. डोळ्यांखाली जरा सुजल्यासारखं. नेहमी असायचं का तसं? त्याने लिफ्टमध्ये अडकलेल्या एका नवरदेवाची गोष्ट सांगितली, तिचा नवरा पोट धरून हसला, तीही हसली, आणि हसता हसता तिच्या ध्यानात आलं की या घरात आपल्या भावाने गेली कित्येक वर्षं एक काम इमानाने केलं आहे, दर रविवारी, आणि त्या कामाची दखल कुणी घेतलेली नाही. ताटं उचलली गेली. धाकटा टेबलावर सांडलेले कण बोटाने गोळा करत बसला.

“एक मित्र आहे माझा,” तो म्हणाला.

नवऱ्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि कॉफी करतो म्हणून तो आत गेला.

मित्राला एका कंपनीचं पत्र आलं होतं. धाकट्याने सगळं नीट, क्रमाने सांगितलं. आवाजात काही हललं नाही. मित्र आधी चिडला, मग दोन दिवस कुणाशी बोलला नाही. पत्र मात्र बरं होतं म्हणे, माणसाने लिहिल्यासारखं. आता त्या संघटनेबरोबर आपणही दाव्यात उतरावं का, असं मित्र विचारतोय. वकील म्हणून तुला काय वाटतं?

सोपं उत्तर होतं. मित्राला उत्तर द्यायचं, मित्राबद्दल बोलायचं, दोघांनी मिळून त्या मित्राला कायमचं मध्ये बसवून ठेवायचं. तिला ते सहज जमलं असतं, आणि त्यालाही.

“तुझ्या मित्राला मला सल्ला देता येणार नाही,” ती म्हणाली. “त्या कंपनीची वकील मीच होते.”

“होतीस?”

“सोडलं.”

“का?”

आतून भांड्यांचा आवाज येत होता. तिने हात टेबलावर पालथे ठेवले. “नमुन्याच्या फिती ऐकत होते. एक आवाज ओळखला.”

त्याचं बोट कणांवरच थांबलं. चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू उतरून गेलं, आणि खाली तिला तो दिसला, जो खाटेवर पडून छताकडे बघायचा. त्याने विचारलं, किती ऐकलंस?

“ताईला कळलं तर ती सगळं नीट करायला घेईल. तिथवर. मग बंद केलं.”

“पुढचं नाही ऐकलंस?”

“नाही.”

त्याने मान खाली घातली. खांदे हलू लागले. तो रडतोय असं वाटून ती अर्धी उठली, आणि मग दिसलं की तो हसतोय, किंवा दोन्ही, त्याचं त्यालाही ठरवता येत नव्हतं. “ऐकायचं होतंस की,” तो म्हणाला. “पुढे त्या बाई तुला बोल लावायला लागल्या. बहिणीचा धाक वाटतो का, दडपण येतं का. मी असा भांडलो त्यांच्याशी, ताई. म्हटलं, तुम्हाला काय माहितीये, ती कोण आहे ते. सगळा वेळ त्यातच संपला. माझं राहिलंच सांगायचं.”

ती पुन्हा खाली बसली. तिच्याजवळ विचारायला शंभर प्रश्न होते: झोप लागते का, किती दिवसांपासून, कुणी चांगला डॉक्टर, इकडे राहायला येतोस का थोडे दिवस. ते सगळे एकदम दाराशी आले आणि तिने त्यांना तिथेच उभं केलं. डोळे पुसायला तिच्याजवळ काही नव्हतं, तेव्हा तिने मनगट वापरलं.

“मग मित्राने काय करावं?” त्याने विचारलं.

“दुसरा वकील बघावा.” चांगला माणूस तिच्या ओळखीचा होता, नंबर पाठ होता, एका फोनचं काम होतं. “शोधेल त्याचा तो,” ती म्हणाली.

“शोधीन,” धाकटा म्हणाला.

मग तो म्हणाला, “मंगळवारी जातो मी. आता समोरासमोर, फोनवर नाही. बरं वाटतंय तसं. सगळंच नाही, पण वाटतंय.”

“बरं,” ती म्हणाली.

पुढे ती काही तरी म्हणेल म्हणून तो थांबला होता. तिने टेबलावर कपांसाठी जागा केली. नवरा तीन कप घेऊन आला, कुणाच्या कपात साखर आहे हे विसरला, आणि मग तिघांनी एकमेकांचे कप चाखून बघितले.